नव्या तांदळाचा पहिला घास

मोखाड्यातल्या भाड्याच्या खोलीत काल कुकर उघडला आणि नव्या तांदळाचा गोडसर वास आला. त्या वासानं बा आठवला.

तेव्हा मी शहरात मिशनच्या कॉलेजात, तिथल्याच वसतिगृहात राहून शिकत होते. बा आमच्या गावाहून, जामसरहून, नवा तांदूळ घेऊन आला होता. देवापुढे ठेवल्याशिवाय आमच्यात नवं कुणी खात नाही. घरचा देव घरीच राहिलेला, म्हणून बा चपला काढून सरळ चॅपेलमध्ये गेला आणि क्रुसापाशी पानावर मूठभर तांदूळ ठेवला. मागे प्रिन्सिपल सिस्टर उभ्या होत्या. मी बाची बाही ओढली.

“पोर या देवाच्या घरात राहते. पयला घास त्याचा,” बा म्हणाला. मग सिस्टरना हळूच विचारलं, “शिकून आमची राहील ना?”

सिस्टरनी तांदूळ हलवला नाही. “शिकवणं आमचं काम. कुणाची राहायचं ते तिनं ठरवायचं.”

बा माझ्याकडे बघत राहिला. मी लगेच ‘हो’ म्हणून मान हलवली. तेव्हा ठरवणं सोपं वाटलं होतं.

आता बा नाही. मी इथल्या कॉलेजात शिकवते. काल अर्धं ताट संपल्यावर लक्षात आलं, की पहिला घास कुणापुढेच ठेवला नव्हता. आता वाईट वाटेल, म्हणून थोडा वेळ थांबले. काहीच वाटलं नाही. मग उरलेला भात खाल्ला.