“तुमची कोण ही?”

आधी काकूंचं सांगते, कारण त्या नसत्या तर हे सांगायला मी तोंड वर केलं नसतं. क्रांती चौकाच्या मागं त्यांची खानावळ आहे. मी तिथं पोळ्या लाटायचे. आठवीतून शाळा सोडली, विदर्भातल्या ज्या बालगृहात वाढले ते अठराव्या वर्षी सुटलं, आणि कामाच्या मागं इतक्या लांब आले. आईबाप कोण, जन्म कुठला, कुणालाच ठाऊक नाही.

मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकिणीची जागा निघाली. पक्की नोकरी, वर राहायला खोली. काकूच म्हणाल्या, “जा. इथं किती दिवस धग सोसशील?” पण त्यासाठी राष्ट्रीयत्वाचा दाखला हवा होता, आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगावापुढं नुसती रेघ.

दाखल्यासाठी गेलो तेव्हा तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर मी काकूंचा पदर धरला. “काकू, बहिणीची पोरगी म्हणून सांगा ना. लासूरची म्हणा.” लासूर स्टेशन हे त्यांचं माहेर. त्यांनी पदर सोडवून घेतला आणि पायऱ्या चढू लागल्या.

खिडकीतल्या साहेबांनी त्या रेघेवर पेन टेकवलं. “गाव नाही, बाप नाही. तू नेमकी कुठली?”

मागं रांगेतून एक जण म्हणाला, “बाहेर देशातली नसंल ना? आजकाल लई येतेत.”

काकू वळल्या. “व्हय, बाहेरचीच. पर ठेचा तुझ्यापरीस जास्त खाती.”

रांग हसली. मला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

“तुमची कोण ही?” साहेबांनी विचारलं.

भाची. काकूंनी एवढंच म्हणायचं होतं.

“कुणी नाय,” काकू म्हणाल्या. “माझ्याकडं पोळ्या लाटती. बालगृहात वाढलीय. तिथला कागद आणला तर चालंल का, तेवढं सांगा.”

“आणा, बघू,” साहेब म्हणाले.

कुणी नाय. सगळ्यांसमोर. परतताना रिक्षात मी त्यांच्याकडं पाठ करून बसले. त्या एवढंच म्हणाल्या, “खोटी मावशी दिली असती अन् उद्या कुणी लासूरला विचारायला गेलं असतं, तर तुझं खरं कुणी ऐकलं असतं का?”

दुसऱ्या दिवशी खानावळीला कुलूप लावून त्या माझ्यासोबत बालगृहात आल्या. मी तान्ही असताना बसस्टँडवर सापडले, असं पोलिसांच्या जुन्या कागदात होतं. तिथल्या ताईंनी त्याची नक्कल दिली. माझी मान वर होईना. काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. पुढं कचेरीच्या चकरा पुष्कळ झाल्या, पण दाखला मिळाला. खोलीही मिळाली.

अजून कुणी “कुठली गं तू?” म्हटलं की हात आधी पिशवीतला दाखला चाचपतो. आणि लाज वाटते ती त्या रांगेची कमी, रिक्षात पाठ फिरवली त्याची जास्त.

काकूंना मूलबाळ नाही, गुडघे गेलेत. एक दिवस दवाखान्यात मला कुणी विचारेल, पेशंटच्या तुम्ही कोण? मी खोटं बोलणार नाही. कुणी नाय म्हणेन, आणि त्यांच्या पायथ्याशी चटई टाकेन.