ओळख न देणाऱ्या मॅडम

आमच्या नांदुऱ्यात मॅडमइतकी घरं आतून ठाऊक असलेलं माणूस दुसरं नसेल, आणि बाजारात मॅडमइतकं एकटं फिरणारंही. समोरून कोणी येताना दिसलं की त्यांची नजर आधीच एखाद्या दुकानाच्या पाटीवर गेलेली असायची. भाजीवाली म्हणायची, “लय तोऱ्यात राह्यते ते बाई.” मी पालक निवडत राहायची. मॅडम सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या समुपदेशक होत्या आणि माझ्या नवऱ्याला ती लागण होती, मला नव्हती. हे भाजीवालीला कुठे सांगत बसू?

पहिल्याच भेटीत त्यांनी बजावलं होतं, “बाहेर मी तुम्हाला ओळखणार नाही. तुम्हीही ओळख दाखवायची नाही. माझ्याशी बोलताना दिसलात की लोक विचारणार, ही कशी काय ओळखीची? राग मानायचा नाही बरं.” त्या मूळच्या देऊळगाव राजाच्या. इथे भाड्याच्या खोलीत एकट्या राहायच्या. संक्रांतीला गल्लीभर हळदीकुंकू चालायचं आणि यांच्या दाराला आतून कडी. आपण ज्या घरी जाऊ त्या घराकडे लोक बोट दाखवतील, ही धास्ती. मला ते जरा अतीच वाटायचं.

दवाखान्यातल्या खोलीत मात्र आवाज खणखणीत. गोळ्या कशा घ्यायच्या, कंडोम कसा वापरायचा, सगळं शाळेतल्या बाईंसारखं घोटून घेत. एकदा मी मध्येच विचारलं, “मॅडम, आम्हाला मूल नाहीच का होणार?” तो आवाज एकदम बसला. टेबलावरचं कापड सरळ करत म्हणाल्या, “हे मला येत नाही हो. कंडोम सोडू नका, एवढंच आम्हाला शिकवलंय. मी अंदाजानं सांगायचं आणि भोगायचं तुम्ही?”

असा संताप आला मला! घरी सासू रोज टोचायची, “काऊन वं, अजून काईच नाही?” लेकाचा आजार तिला माहीत नव्हता. जिला विचारावं अशी एकच बाई, तर तीही हात वर करते. त्या रात्री नवरा म्हणाला, “जाऊ दे. मले तू पाह्यजे. लेकरू नाही तर नाही.” मला दोन्ही पाहिजे होतं, त्याला काय करू?

पण मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. जिल्ह्याच्या प्रशिक्षणात सगळ्यांसमोर उभं राहून त्यांनी माझा प्रश्न विचारला, अर्थात नाव न घेता. “मागून कोणीतरी हसलं. म्हणे, यांना आता मुलंही पाहिजेत!” हे मला त्यांनी हसतहसतच सांगितलं, पण कान लाल झाले होते. शिकवायला आलेल्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मॅडमना शेजारी बसवून सगळं नीट समजावलं.

मग मॅडमनी ते आम्हा दोघांना समजावलं. नवऱ्यानं गोळी एकही दिवस चुकवायची नाही. रक्तात विषाणू सापडेनासा झालाय, हे तपासणीत पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे. मग डॉक्टरांना विचारून, दिवस राहण्याची शक्यता असते तेवढ्याच दिवसांत कंडोम नाही. माझी तपासणी चालूच.

“नक्की ना, मॅडम?”

“भीती तुमच्याइतकीच मलाही वाटते. पण आता हे मला येतं.”

एवढ्या एका बोलण्यावर मी विश्वास टाकला. पुढे माझ्या प्रत्येक रिपोर्टच्या दिवशी माझ्यापेक्षा त्यांचंच तोंड जास्त उतरलेलं असायचं.

मला दिवस गेले आणि माझा रिपोर्टही चांगला आला, त्या दिवशी त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. ड्रॉवरमधून नारळ काढला. कधीपासून ठेवला होता कोण जाणे! डोहाळजेवणाला त्या येऊ शकणार नव्हत्या, म्हणून तिथेच, औषधांच्या वासात, त्यांनी माझी ओटी भरली. मी रडले. घरी सासूनं विचारलं, “नारळ कोनं देला वं?” मी म्हटलं, शेगावचा प्रसाद आहे.

पुढे लेक चालती-बोलती झाली, तेव्हा त्यांना अकोल्याकडे नोकरी लागली. त्या निघाल्या त्या दिवशी मी लेकीला घेऊन स्टेशनवर गेले. फलाटावर दवाखान्याच्या बाकड्यावरचे बरेच ओळखीचे चेहरे होते. कोणी नळाजवळ, कोणी खांबाआड. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मध्ये मॅडम बॅगेजवळ एकट्या.

मला राहवलं नाही. जवळ जाऊन परक्यासारखं विचारलं, “बाई, आता येणारी गाडी शेगावला थांबते का हो?”

“थांबते.” मग कुठल्याही प्रवासी बाईनं विचारावं तसं त्यांनी खाली वाकून विचारलं, “नाव काय गं तुझं?”

बारशाआधी ते नाव मी सगळ्यांत पहिलं त्यांनाच सांगितलं होतं. लेकीनं नाव सांगितलं. “छान आहे,” म्हणत त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला. गाडी येऊन उभी राहिली, तरी तो हात निघेना. मग बॅग उचलून चढल्या.

गाडी हलली तशी लेकीनं विचारलं, “आई, ते बाई कोन होती?”

मोठ्यानं हाक मारावी असं वाटत होतं. आजूबाजूला सगळं गाव उभं होतं.

“काय माईत,” मी म्हटलं, आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत स्टेशनच्या पाटीकडे बघत राहिले.