हप्ते त्यांचे, चुका आमच्या

घरासाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या बारामतीच्या ऑफिसात मी तक्रारीच्या टेबलावर बसते. तक्रारी मिटतात, फायली बंद होतात. माणसं मात्र डोक्यात राहतात. दुपारी माळेगावच्या साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर वास आला, की डोळे जड होतात आणि ती एकेक करून परत समोरच्या खुर्चीत येऊन बसतात.

*

लासुर्ण्याचे गणिताचे एक रिटायर्ड गुरुजी होते. आमच्या सिस्टिमनं त्यांचा हप्ता एकाच महिन्यात दोनदा कापला, आणि वर ‘आपला हप्ता थकला आहे’ असं पत्रही पाठवलं.

गुरुजी भांडले नाहीत. ते पत्र लाल पेनानं तपासून घेऊन आले. शुद्धलेखनाच्या सात चुका, गणिताची एक, आणि खाली शेरा : ‘पालकांना भेटायला पाठवा.’

मी मुकाट्यानं उठून मॅनेजरसाहेबांना बाहेर बोलावलं.

*

इंदापूरकडच्या एका आबांचा हप्ता आम्ही चुकून भलत्याच खात्यात जमा केला. मग आबा थकबाकीदार ठरले आणि आमचा वसुलीवाला नोटीस घेऊन निघाला. पत्ता होता जुन्या कागदावरचा. ते गाव कधीच उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं.

त्यानं काठावरून मला फोन केला, “मॅडम, हितं नुसतं पाणीच हाय. नोटीस कुठं चिकटवू?”

शेजारी आबा स्वतःच उभे होते. त्यांनी फोन मागून घेतला.

“ताई, घर माझंच हाय. पण जप्तीला उन्हाळ्यात या. पाणी वसरलं की देवळाचा कळस दिसतो. त्याच्या डाव्या हाताला तिसरं.”

*

माळेगावच्या कारखान्यातले एक फिटर आणि इंदापूरचे एक दुकानदार, दोघांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अगदी सारखं. सहा महिने दुकानदाराचा हप्ता आम्ही फिटरच्या खात्यातून कापत होतो.

चूक कळल्यावर दोघांना एकाच दिवशी बोलावलं. मला वाटलं, आता जुंपणार. फिटरनी पासबुक मिटून ठेवलं. मग दुकानदाराला म्हणाले, “पैसं तर मिळतील. पण सहा महिनं मी जे घर फेडलं ते कसं हाय, एकदा दावा तरी.”

त्याच दुपारी दोघं एका मोटारसायकलवरून गेले. संध्याकाळी मला फोटो आला. ओट्यावर दोघं चहा पितायत, मागं दारावर नावाची पाटी. एकच पाटी, दोघांच्या नावाची.

*

मोरगावकडच्या एका तात्यांचं कर्ज ते वारल्यावर विम्यातून फिटलं होतं. तरी दर महिन्याला मशीनचा फोन त्यांच्या घरी जायचा आणि तात्यांचं पूर्ण नाव घेऊन हप्ता मागायचा. त्यांच्या मुलानं तक्रार केली. मी माफी मागितली आणि फोन बंद करून टाकला.

पुढच्या महिन्यात तात्यांच्या मंडळी एकट्याच एसटीनं आल्या.

“ह्या महिन्याला फोन आला न्हाय,” त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, चूक आमची होती, आता दुरुस्त केलीय.

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. “फोनातली बाई त्यांचं नाव घ्यायची. बापाच्या नावासकट. म्या जल्मात कधी घेतलं न्हाय. आता घरात दुसरं कोण घेणार?” मग टेबलावरच्या फायलींकडं बघून म्हणाल्या, “तुमच्याकडं लिवलेलं आसंल. वाचता का एकदा?”

मी फाईल उघडली आणि सावकाश वाचलं, “श्री. ज्ञानदेव गेनबा शेलार.”

त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. खाली बघून हळूच म्हणाल्या, “व्हय.”