दुकानाच्या शिक्क्याची चार रिळं

मला मासा पारखता येतो, कापता येतो, त्याचं तिखलं करता येतं. पकडता मात्र येत नाही. तरीही आमच्या घरच्या रॉड आणि रिळांची खरेदी मी केली, आणि कुणाला न विचारता केली. त्या खरेदीपायी एका भल्या माणसाचं नाव गेलं. ते मी घालवलं. हे लिहितानाही माझे कान गरम होताहेत.

आमचं घर देवबागला. पुढच्या दारातून समुद्र दिसतो आणि मागच्या दारातून खाडी. नवरा बोटीवर, वर्षातले आठ महिने बाहेर. मागच्या चार खोल्या मी पाहुण्यांना देते. पाहुण्यांना खाडीत गरवायला, म्हणजे गळ टाकून मासे धरायला न्यायचं काम माझ्या धाकट्या दिरांचं. मी त्यांना भावजी म्हणते. त्यांच्याकडे कधी रॉड नव्हता. बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, टोकाला गळ आणि गळाला जिवंत सुंगट, म्हणजे कोळंबी, एवढ्यावर ते चोणक काढायचे. चोणक हा आमच्या खाडीचा मानाचा मासा. भरती फिरायच्या वेळी तिवरांच्या मुळांशी येतो आणि गळ लागला की जीव खाऊन त्या मुळांकडेच धावतो. त्याला अडवता अडवता भावजींच्या बोटांना चिरा पडलेल्या. पाहुणे त्या बोटांचेसुद्धा फोटो काढायचे.

पण पाहुण्यांना बोटं चिरून घ्यायची नसतात, रॉडवरचं तंगूस गुंडाळायचं रीळ फिरवायचं असतं. पुण्याचे एक गृहस्थ दरवर्षी मे महिन्यात मित्रांना घेऊन यायचे. त्यांनी भावजींना शब्द दिला होता की चांगलं साहित्य घरात असेल, तर पुढच्या हंगामात दर पंधरा दिवसांनी ते एकेक गट पाठवतील आणि गाईड म्हणून भावजीच हवेत. भावजींची पन्नाशी जवळ आलेली. तोवर ते कधी दुसऱ्याच्या होडीवर, कधी कुणाच्या काजूच्या बागेत, कधी रिकामे. त्या शब्दावर त्यांनी पुढचं सगळं वर्ष मनात मांडून ठेवलं होतं.

मी गोव्याला खरेदीला निघाले तेव्हा ते म्हणाले, "वयनी, एकच घेवा, पण बरा घेवा. खाऱ्या पाण्यात टिकाक होया."

खेळाच्या सामानाचं ते दुकान आमच्या शाळेएवढं मोठं. एका भिंतीवर नुसते रॉड. परदेशी नावांचे वरच्या रांगेत, आणि खाली दुकानाच्याच शिक्क्याचे, स्वस्त. मी साड्यांच्या दुकानात करते तेच केलं. आधी वरचं सगळं काढायला लावलं, हात फिरवला, किंमत ऐकली आणि खालच्या रांगेकडे वळले. विकणारी मुलगी शहाणी होती. म्हणाली, "दुकानाचा शिक्का म्हणजे माल वाईट असं नाही, मॅडम. रॉड डोळे झाकून घ्या. रीळ मात्र बघून घ्या." तिने शेजारी शेजारी दोन ठेवली, दोन्ही दुकानाचीच. एक निळं, हलकं, तळ्यातल्या माशांसाठी. दुसरं काळं, जडसर, खाऱ्या पाण्याचं, किंमत दुपटीहून थोडी कमी.

मी निळ्याची मूठ फिरवली. लोण्यासारखी फिरली. मनात हिशेब एकच: काळी दोन येतात, निळी चार येतात. पाहुणे चौघे असतात. चार निळी रिळं लावलेले चार रॉड पडवीत ओळीने उभे केले तर काय दिसतील! शेजारच्या होमस्टेवाल्यांकडे एकही नव्हता, हेही माझ्या डोक्यात होतं. खोटं कशाला बोलू.

"हे खाऱ्या पाण्यात चालणारच नाही का?" मी विचारलं.

"चालेल, पण वापरलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायचं, पुसायचं, तेलाचा थेंब सोडायचा. एक दिवस चुकलात तर आत मीठ धरेल."

धुण्यापुसण्यात आपल्याला कोण हरवणार? मी चार निळी घेतली.

घरी भावजींनी एक उचललं, मूठ फिरवली, कानाशी धरून ऐकलं. मग मान वर न करता विचारलं, "खाऱ्या पाण्याची मां?"

"होय तर. इचारून घेतलंय," मी म्हणाले. हे माझं पहिलं खोटं. आणि ते उघडं पडू नये म्हणून लगेच वर म्हणाले, "धुवूचा काम माझ्यार सोडा. तुमी हात लावू नकात."

त्यांना ते बरंच वाटलं. वयनी आपल्या धंद्यात एवढी लक्ष घालते, असं ते शेजारी सांगत फिरले. मी ते ऐकलं आणि खुशाल ऐकून घेतलं.

धुण्यात मी हयगय केली नाही, एवढं तरी सांगू द्या. रोज होडी किनाऱ्याला लागली की चारही रिळं विहिरीवर. कळशीभर पाणी, जुनं मऊ फडकं, मग शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. नळाचं पाणी आमच्याकडे एक दिवसाआड येतं, ते प्यायला. ते रिळांवर ओतायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. विहीर आमची भरलेली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा दाखवली ती विहीरच. दोन्ही बाजूंना खारं पाणी आणि मधे ही गोडी, असं म्हणून त्यांनी मला ओंजळभर प्यायला दिलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात ती गोडी विहीर.

मे महिन्यात पुण्याचे पाहुणे आले. पडवीतले चार रॉड बघून खूश झाले. पहिले दोन दिवस तांबोशी लागली, एकदोन छोटी शेंगटी लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी, भरती फिरता फिरता, त्या गृहस्थांच्या गळाला चोणक लागला. मी तिथे नव्हते, पण नंतर मोबाईलवर दहा वेळा पाहिलं. मासा पाण्याबाहेर पूर्ण उडतो, रुपेरी, माझ्या हाताएवढा लांब. भावजी ओरडतात, "सोडा, सोडा, तंगूस जावंदे." पण रीळ सोडतच नाही. मूठ पुढे फिरत नाही, मागे फिरत नाही. भावजी झेप घेऊन नुसत्या हातांनी तंगूस धरतात. तो तुटतो. आणि मग त्या गृहस्थांचा चेहरा दिसतो, अगदी लहान मुलासारखा.

परत आले तेव्हा सगळे अंगणात उभे होते. भावजींच्या तळव्यातून रक्त येत होतं, त्याला कुणी विचारलं नाही. गृहस्थांनी रीळ माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "हे असं कसं झालं? जाम झालंय पूर्ण."

मला एक वाक्य बोलायचं होतं. रीळ तळ्यातलं आहे, मी स्वस्त म्हणून घेतलं. एवढंच. ते गृहस्थ फार तर हसले असते. पण माझ्या पडवीतले ते चार रॉड, शेजारच्या बायकांना केलेली फुशारकी, भावजींना दिलेलं उत्तर, हे सगळं एकदम आडवं आलं. मी पाहुण्यांशी बोलते त्या स्वच्छ मराठीत म्हणाले, "काय सांगू, आमच्या भावजींना हजारदा बजावलंय, वापरल्यावर रीळ धुवून ठेवा म्हणून. ऐकतात कुठे."

भावजींनी माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. रोज त्यांच्याच डोळ्यांदेखत मी विहिरीवर बसत होते. पण त्यांनी तळवा लुंगीला पुसला आणि ते होडी धुवायला गेले.

पाहुण्यांनी जाताना माझ्या हातच्या सोलकढीचं तोंडभर कौतुक केलं. चार दिवसांनी इंटरनेटवर अभिप्राय लिहिला: घर सुंदर, जेवण अप्रतिम, यजमानीण अगत्यशील, मात्र गाईड निष्काळजी, साहित्याची निगा राखत नाही. आमच्या पट्ट्यात असले अभिप्राय सगळेच वाचतात, एकमेकांचे तर जरा जास्तच आवडीने. त्यानंतर शेजारच्या दोन घरांनी भावजींना गाईड म्हणून बोलावणं बंद केलं. गटांचं पुन्हा नावही निघालं नाही.

माझी निर्लज्जपणाची पातळी बघा. त्याच महिन्यात, पाऊस लागायच्या आत, मी ती चारही रिळं घेऊन बदलून मागायला गोव्याला गेले. म्हटलं, रोज धुवूनही जाम होतात म्हणजे मालच खोटा. त्याच मुलीने माझ्यासमोर एक खोललं. आत पांढरं मीठ साचलेलं, पितळेवर हिरवट गंज.

"धुतलं नाही वाटतं, मॅडम."

"रोज धुतलंय. या हातांनी."

"कुठल्या पाण्याने?"

"विहिरीच्या. गोड्या."

"विहीर कुठे आहे तुमची?"

"देवबागला," मी म्हणाले. सगळे सुटे भाग गोळा करून तिने एका पिशवीत घालून दिले.

घरी आल्यावर साडीही न बदलता मी विहिरीवर गेले. ओंजळ भरून तोंडाला लावली आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा त्या पाण्याची चव घेतली, पाहुणीने घ्यावी तशी. मचूळ होतं. चांगलंच मचूळ. मे महिन्यात दोन्हीकडचं खारं पाणी वाळूतून आत येतं. या दिवसांत विहिरीवर साबणाला फेस येत नाही, पितळेची भांडी पांढरी पडतात, पाहुणे चूळ भरून तोंड वाकडं करतात, हे सगळं मला माहीत होतं. तरी आमच्या जिभेला ती गोडीच. मी रोज त्या रिळांत मन लावून मीठ भरत होते.

निदान आपण धुतलं तरी नीट, हा एकच आधार मी मनाशी धरून बसले होते. तोही गेला. आता माझ्या बाजूला काही म्हणजे काहीच उरलं नव्हतं.

तरी सांगायला मला श्रावण उजाडला. तोही आपणहून नाही. मासेमारीची बंदी उठली आणि भावजी मालवणच्या एका ट्रॉलरवर खलाशी म्हणून लागल्याचं कळलं. या वयात, वीस-बावीस वर्षांच्या पोरांबरोबर जाळी ओढायला. निघायच्या आदल्या दिवशी ते खाडीच्या बाजूला बसून बाटलीला तंगूस गुंडाळत होते. मी जाऊन समोर बसले आणि सगळं सांगितलं. निळं रीळ, काळं रीळ, दुकानातल्या मुलीचा इशारा, विहीर, अंगणातलं ते वाक्य. रडूही आलं. हात जोडून माफी मागितली.

त्यांनी गुंडाळणं थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "ह्या माका कित्याक सांगतास, वयनी? मी काय करूक नाय, ता माका म्हायत आसा. जेका म्हायत नाय, तेका सांगा."

त्या संध्याकाळी मी पुण्याच्या गृहस्थांना मोबाईलवर लिहायला बसले. पहिल्यांदा लिहिलं, "चूक माझी होती, रीळ मी चुकीचं घेतलं आणि दोष दिरांना दिला." वाचलं. डिसेंबरच्या त्यांच्या दोन खोल्या माझ्याकडे आधीच ठरलेल्या होत्या. ते वाक्य पुसलं. मग लिहिलं, "त्या दिवशी रीळ जाम झालं त्यात आमच्या भावजींचा दोष नव्हता. पाण्यामुळे झालं. कृपया त्यांच्याबद्दल गैरसमज नसावा." यात एकही शब्द खोटा नाही, असं स्वतःला बजावलं आणि पाठवून दिलं.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "वहिनी, तुमचा मोठेपणा आहे. एवढं नुकसान होऊनही घरच्या माणसाला किती सांभाळून घेता. असं कोण करतं हल्ली!"

मी ते दोनदा वाचलं. मग खाली जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि भात टाकायला आत गेले.