सावत्र मान

वाद्यांच्या बाजारात तिला सगळे ताई म्हणत. साठी उलटली होती, लग्न केलं नव्हतं, आणि आई गेल्यापासून दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. तरुणपणी एका दुकानाच्या आतल्या खोलीत बसून ती गिटारींच्या पिकअपवर तार गुंडाळायची. पिकअप म्हणजे तारांखालची ती छोटी डबी, जी तारांचा थरकाप पकडून अँपकडे, आवाज मोठा करणाऱ्या पेटीकडे, पाठवते. केसाहून बारीक तांब्याची तार, आणि बोलायला कोणी नाही. पुढे दुकान बंद पडलं, पण नजर राहिली. आता आडव्या ठेवून लोखंडी कांडीने वाजवायच्या जुन्या स्टील गिटारी, विशेषतः दोन-तीन मानांच्या, अस्सल आहेत की इकडचे-तिकडचे भाग जुळवलेल्या, हे ती बघून सांगायची.

तिला बोलावणं यायचं ते बहुधा वाजवणारा गेल्यावर. परक्या घरातल्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून काम करायचं, निघताना घरचे दारापर्यंत यायचे, आणि तिथून पुढे तिची आठवण काढायचं कोणाला काही कारण नसायचं.

या वेळी मात्र वाजवणारा जिवंत होता.

"वडिलांना आता अजिबात ऐकू येत नाही," मुलगा दारातच म्हणाला. "मी त्यांना आमच्याकडे नेतोय. तिथे हे धूड ठेवायला जागा नाही. एक शौकीन घ्यायला तयार आहे, पण त्याला अस्सल हवी. तुम्ही एकदा बघा, म्हणजे सुटलो."

गिटार चार पायांवर उभी होती. तीन माना, म्हणजे तारा ताणलेल्या तीन लांब पट्ट्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकीमागे एक चढत गेलेल्या. खिडकीशी काका बसले होते, ऐंशीच्या घरातले. तिने नमस्कार केला, तसे तेही हसले.

तिने तारा सैल केल्या आणि एकेक स्क्रू काढून फडक्यावर ठेवला.

"एका गिटारीच्या माना सख्ख्या बहिणींसारख्या असतात," ती मुलाला म्हणाली. "लाकूड एक, स्क्रू एका जातीचे, रंगही बरोबरीने म्हातारा होतो. म्हणून आधी त्यांनाच एकमेकींशी ताडून बघायचं."

पहिल्या दोघी जुळल्या. तिसरीचं लाकूड मात्र किंचित फिकट होतं, आणि बाकीच्या स्क्रूंवर एकच खाच असताना हिच्या स्क्रूंवर फुली होती.

"ही सावत्र. नंतर बसवलेली."

"म्हणजे भाव उतरणार?"

"उतरणार."

मुलगा मोबाईल घेऊन बाहेर गेला. खात्री असावी म्हणून तिने तिसरीचा पिकअप वर उचलला आणि झाकण काढलं. तारेचं टोक लाल दोऱ्याने बांधलं होतं, तीन पदर एकमेकांत घालून. "पिकअप बांधतेस की वेणी घालतेस?" दुकानाचा मालक तिला चिडवायचा. तशी गाठ दुसरं कोणी मारत नव्हतं.

आपल्या हातचं काम इतक्या वर्षांनी समोर आलं, आणि आत्ताच, आपल्याच तोंडाने आपण त्याला खोट म्हटलं. मग तिचं लक्ष मानेवर गेलं. सूर कुठे आहे ते दाखवणाऱ्या रंगीत रेघा पहिल्या दोन मानांवर धडधाकट होत्या. तिसरीवरच्या मधोमध पुसट झाल्या होत्या.

"काका, हे मी गुंडाळलंय," ती म्हणाली.

काका हसले, न ऐकू येणारी माणसं हसतात तसे. मग गरजेपेक्षा मोठ्या आवाजात बोलू लागले. "मूळची मान गाडीतून उतरवताना तुटली. मग ही बसवून घेतली, आणि हिचाच नाद लागला. दुकानदार म्हणायचा, आत एक मुलगी बसते, तिचा हात फार हलका आहे. बघितली नाही कधी."

तिने बोट त्या गाठीवर ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर.

काकांनी गाठ बघितली, तिची बोटं बघितली. "तुम्ही?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग इतकी वर्षं होता कुठे?"

"आतल्या खोलीत," ती म्हणाली. त्यांना अर्थातच ते ऐकू गेलं नाही.

तिने सगळं जागच्या जागी बसवलं, तारा जुळवल्या, अँप लावला आणि काकांना हाताला धरून गिटारीमागे आणलं. त्यांनी लोखंडी कांडी तिसऱ्या मानेवर टेकवली आणि संथपणे काहीतरी वाजवलं. प्रत्येक सूर जरासा खाली राहत होता.

"नीट येतोय का?" त्यांनी विचारलं.

उभ्या आयुष्यात तिने उतरलेल्या सुराला बरा म्हटलं नव्हतं. तिने मान डोलावली.

मुलगा दारात येऊन उभा होता.

गिटार कमी भावात गेली. काही दिवसांनी त्या शौकिनाचा फोन आला. "तिसरी मान मूळच्यासारखी करून द्याल का?"

"ते काम मी सोडलंय," ती म्हणाली. ती मान काढल्यावर तिच्यातल्या पिकअपचं काय करणार, हे विचारायचं ओठांवर आलं होतं, पण तिने फोन ठेवला.

नंतर एकदा ती मुलाच्या घरी गेली. काका आतल्या छोट्या खोलीत बसले होते. त्यांनी तिला ओळखलं आणि पलंगावरचं पांघरूण सरकवून जागा करून दिली. सून चहा ठेवून गेली. बोलून काही उपयोग नव्हता, म्हणून दोघं नुसतीच बसली. मधूनच काकांची बोटं मांडीवर हलायची. ती ते बघत राहायची. अंधार पडायच्या आत ती उठली.

"येते," ती म्हणाली. काका तेव्हा खिडकीबाहेर बघत होते.

पुढच्या महिन्यात ती पुन्हा गेली.