हवालदाराचा चौथा पाय

समोरून येणाऱ्या माणसाचा पाय खरा आहे की बनवलेला, हे सर्जेराव नुसत्या चालीवरून ओळखत. हडपसरच्या बाजारात बूट घातलेला एखादा माणूस झपझप चालत गेला की बायकोच्या, सोजरबाईंच्या, कानाशी लागून म्हणत, "डावा. गुडग्याखाली. बनवणारा कच्चा व्हता." एकतीस वर्षं त्यांनी लष्कराच्या कृत्रिम पाय बनवणाऱ्या कारखान्यात काढली होती. तरणेताठे जवान कुबड्यांवर यायचे आणि चालत परत जायचे. याचा सर्जेरावांना गर्व होता आणि तो लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. निवृत्त झाल्यावर तर गल्लीत कोणाचं ढोपर दुखलं तरी हे न विचारता सल्ला द्यायला हजर.

कुत्र्याचं नाव त्यांनी हवालदार ठेवलं, कारण पिल्लू असल्यापासून तो फाटकाशी छाती काढून बसायचा. नऊ वर्षांनी एका सकाळी पाण्याच्या टँकरचं चाक त्याच्या मागच्या उजव्या पायावरून गेलं. सर्जेरावांनी त्याला चादरीत गुंडाळलं आणि रिक्षाने डॉक्टर कमरजहांच्या दवाखान्यात नेलं. या बाई मूळच्या येरवड्याच्या. जनावरांच्या डॉक्टर म्हणून त्यांचं नाव होतं; बोलणं तुटक, पण हात हलका.

"घोट्याच्या हाडांचा चुरा झालाय," एक्स-रे उजेडाला धरून त्या म्हणाल्या. "पाय काढावा लागेल. वरून, मांडीपासून."

"मांडीपास्नं?" सर्जेराव ताडकन उठले. "गुडगा चांगला शाबूत हाय की! गुडग्याखाली वीतभर ठिवा. पाय म्या बनवतो."

"काका, माणसाला दोनच पाय असतात, म्हणून एक गेला की पंचाईत होते. याला तीन उरतायत. अर्धा ठेवलात तर हा तो टेकवत राहील आणि कातडी सोलत राहील."

"बाई, तुमचा जलम झाला तवापास्नं म्या पाय घडवतोय."

डॉक्टरांनी एक्स-रे टेबलावर ठेवला. प्राण्यांनाही असे पाय बसवतात हे त्यांनी वाचलं होतं आणि समोरच्या माणसाचा तर जन्म त्यातच गेला होता. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण जखम दिसली की त्याच दिवशी आणायचं. दुसऱ्या दिवशी नाही." सर्जेरावांनी मान डोलावली.

गुडघ्याखाली कापलेल्या पायाची जखम भरायला महिना गेला. तोवर सर्जेरावांनी ओट्यावर बसून पाय घडवला. ॲल्युमिनियमची नळी, आत मऊ चामडं, खाली स्कूटरच्या टायरचा तळवा, वर बांधायला पट्टा. "आता सोन्यानं मढवा, म्हंजे झालं," सोजरबाई म्हणाल्या. पण पहिल्या दिवशी हवालदार चार पायांवर उभा राहून फाटकापर्यंत गेला, तेव्हा त्याही पदराने डोळे पुसत होत्या. गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी हडपसरात सर्जेरावांइतका सुखी माणूस दुसरा नसेल.

आठव्या दिवशी उरलेल्या पायाचं टोक लाल झालं. सर्जेरावांना हा लाल रंग पाठ होता. प्रत्येक जवानाचा लाल व्हायचा. मग महिनाभरात कातडी घट्ट होऊन माणूस धावायला लागायचा. जवानांना ते सांगायचे, "सोसा थोडं, सवय हुईल." तेच त्यांनी हवालदाराला सांगितलं. पावडर लावली, मोजा बदलला आणि पट्टा एक भोक ढिला केला. दवाखान्यात काही नेलं नाही. एखादा अडाणी माणूस घाबरून त्याच दिवशी धावला असता. सर्जेरावांना सगळं माहीत होतं, तिथेच घात झाला.

हवालदाराने पट्टा कुरतडला, तर त्यांनी चामड्याचा दुहेरी पट्टा शिवला. पुढे तो पाय बांधतानाच गुरगुरायला लागला, मोज्याला हात लावू देईना.

"तुमी त्यो पाय हातात घेतला रं घेतला की कुत्रं पलंगाखाली जातंय," एका दुपारी सोजरबाई म्हणाल्या. "भितंय तुमास्नी."

"मला? मला कशापायी भिईल?"

"वास येतोय. मोजा काढा आन् बगा."

सोजरबाईंनी हवालदाराचं तोंड धरलं, सर्जेरावांनी मोजा काढला. चिघळलेल्या मांसात मधोमध हाडाचं पांढरं टोक दिसत होतं.

डॉक्टरांनी तपासलं तेव्हा पू गुडघ्याच्या वर चढला होता आणि अंगात ताप होता. "नुसती औषधं दिली तर आठवडाभर काढेल, तेही हाल होऊन," त्या म्हणाल्या. "मांडीपासून पाय काढला तर वाचू शकतो, पण या वयात, या तापात भुलीतून उठेलच असं सांगत नाही. नाहीतर इंजेक्शन देऊन कायमचं झोपवता येईल. त्याला कळणारही नाही."

"पयल्यांदाच मांडीपास्नं काढला असता तर?"

"तर आत्ता तुमच्या फाटकात बसला असता."

सर्जेरावांनी दोन्ही हात जोडले. "बाई, तुमीच सांगा. माझं काय बी ऐकू नगा."

"मागे ऐकलं, तीच माझी चूक झाली," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर सर्जेरावांना बरं वाटलं असतं. "मी असते तर ऑपरेशन केलं असतं." त्यांनी कागद पुढे केला आणि सर्जेरावांनी सही केली.

दोन तास ते बाहेरच्या बाकावर बसून होते. पाय बसवून झाला की ते जवानांना विचारायचे, दुखतंय का? बहुतेक जण ताठ मानेने नाही म्हणायचे. वर्दीतला माणूस दुसरं काय म्हणणार, हे एकतीस वर्षांत त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं. कितीजण दात आवळून कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडले असतील? त्यांना स्वतःची लाज वाटली. आत हवालदार मेला तर सोजरबाईंना तोंड कसं दाखवायचं, हेही सुचेना.

हवालदार वाचला. रात्री शुद्धीवर आला, पाचव्या दिवशी घरी आला. टाके निघायच्या आधीच शेजारच्या मांजरामागे तीन पायांवर असा सुटला, की जणू चौथा कधी नव्हताच. सोजरबाई हसून हसून बेजार झाल्या.

सर्जेरावही हसले. आत जाऊन त्यांनी दुधात कुस्करलेली भाकरी आणली, उकिडवे बसले आणि जीभ टाळूला लावून चकचक केलं. हवालदार शेपूट हलवत निघाला आणि दोन हातांवर थांबला. भाकरीकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो सर्जेरावांच्या पाठीमागे टेकलेल्या दुसऱ्या हाताकडे बघत होता.

सर्जेरावांनी तो हात पुढे आणला आणि पंजा उघडून दाखवला. "काय न्हाय रं. बग, काय न्हाय." हवालदार जागचा हलला नाही. शेवटी वाटी खाली ठेवून सर्जेराव मागे सरकले, पार दारापर्यंत गेले, तेव्हा तो आला आणि त्यांच्यावर डोळा ठेवून खाऊ लागला.