कासवाभोवतीचे पाच

साठीला टेकलेला माणूस कंपनीच्या बसमध्ये बसून मोबाइलवर भुतं लढवतोय, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला त्याच्या वतीने लाज वाटली. मागे बसलेली केरळची पोरं हसत होती.

"नूरभाई," मी म्हटलं, "चार महिन्यांत रिटायर होतोयस. हे काय चाळे या वयात?"

"थांब रे वासू, माझं कासव मरतंय," तो म्हणाला आणि मान वर केली नाही.

कासव मेलं. मग त्याच्या मागची पाचही मेली, पटापट. शारजातल्या रोल्लापासून हमरिया फ्री झोनपर्यंत बसला पाऊण तास लागतो, तेवढ्यात हा गृहस्थ तीनदा हरला. मी मनात म्हटलं, खलास. माणूस गेला कामातून.

मी वासुदेव, मूळचा खेडचा, हमरियातल्या एका यार्डात स्टोअरकीपर. नूरुद्दीन त्याच यार्डात लॅशिंगचा फोरमन. लॅशिंग म्हणजे बार्जवर, त्या सपाट मालवाहू बोटीवर, चढवलेला माल साखळ्यांनी करकचून बांधायचं काम. साखळी एक कडी इकडे-तिकडे झाली की पन्नास टनांचा पाइप समुद्रात. हा माणूस हर्णैजवळच्या गावातून आला तेव्हा त्याला इंग्रजी सोडा, धड हिंदी येत नव्हतं. पण बांधलेल्या मालावर नुसती थाप मारून सांगायचा, "डावीकडची सैल आहे." आणि ती असायची. बावीस वर्षं आम्ही बसमध्ये एकाच सीटवर बसलो. मी खिडकीशी, कारण मला बस लागते.

गेम त्याला लेकीने शिकवला होता. रुखसार इथेच जन्मली, वाढली, एका क्लिनिकमध्ये नोकरी करते. बाप मराठीत बोलतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि मधे त्याची बायको बिलकीसभाभी दोघांनाही ओरडते. गेमचं नाव इंग्रजी, माझ्या जिभेला काही वळलं नाही, म्हणून आम्ही आपलं 'भुतं' म्हणायचो. दोघांकडे सहा-सहा भुतं, मैदानात एका वेळी एकच. दर फेरीला दोघांनी गुपचूप ठरवायचं, वार करायचा की आपलं भूत मागे घेऊन दुसरं पुढे करायचं. मग दोघांचे बेत एकदम उघडे पडतात. बदली आधी होते, वार नंतर. म्हणजे जो पुढे आला, त्याच्या अंगावर तो वार. प्रत्येक भुताची जात वेगळी. कुणी दगडाचं, कुणी पाण्याचं, कुणी विषाचं. दगडाला पाणी मारतं, पाण्यातल्याला वीज मारते, असं ते चक्र.

नूरुद्दीनने काय केलं होतं, तर सहाच्या सहा दगडाची घेतली होती. का, तर अंगाने दणकट! समोरच्याने एक पाण्याचं भूत काढलं की याची अख्खी फौज वाहून जायची.

एका शुक्रवारी त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो, तेव्हा हा पुन्हा हरला. रुखसारने कपाळाला हात लावला. "अब्बा, यू हॅव द सेम गाय सिक्स टाइम्स! वन प्रॉब्लेम, अँड एव्हरीबडी डाइज टुगेदर."

मी हसलो. नूरुद्दीन हसला नाही. त्याचा हात ताटात तसाच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला एकदम कळलं त्याला काय आठवलं ते.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या गँगमध्ये सहा पोरं होती आणि सहाही त्याच्या गावची. आखातात आपल्यातला एक फोरमन झाला की गावाला वाटतं, आता सगळ्यांची सोय झाली. कुणाची आई फोन करते, कुणाचा सासरा. आणि नूरुद्दीनला नाही म्हणता येत नाही. सगळ्यात धाकटा वासिफ, त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. पोरं कामाला वाघ होती, खोटं कशाला बोलू. पण वासिफचं लग्न ठरलं, आणि गँगमधला प्रत्येकजण नवऱ्याचा चुलतभाऊ, नाहीतर मावसभाऊ, नाहीतर साडू! कुणाला ठेवणार आणि कुणाला पाठवणार? माझ्या स्टोअरच्या खिडकीसमोर उभा राहून हा त्यांना म्हणाला, "जा रे सगळे. कागदाचं मी बघतो." मी माझ्या कानांनी ऐकलं.

बार्ज ठरल्यापेक्षा आठवडाभर आधी आली. दुसऱ्या गँगची माणसं घाईत लावली, दोन साखळ्या सैल राहिल्या, आणि पाइप घसरून पाण्यात गेले. नशीब, माणूस गेला नाही. मॅनेजरने विचारलं, "यांना सुट्टी कुणी दिली?" नूरुद्दीनने सुट्टीचे कागद केलेच नव्हते. तो खाली बघत राहिला. गप्प बसला म्हणजे पोरं न सांगता पळाली, असा अर्थ लागला. सहाही जणांचे व्हिसा रद्द झाले. वासिफला ते कळलं तेव्हा लग्नाला चार दिवस झाले होते.

मीही तिथेच उभा होतो. मीही बोललो नाही. माझी पोरगी तेव्हा दहावीला होती; पण ते राहू दे, कारणं सगळ्यांकडेच असतात.

त्यानंतर वासिफ मामाशी एक शब्द बोलला नाही. आता चार महिन्यांनी नूरुद्दीन कायमचा गावी जाणार होता, आणि तिथे वासिफच्या घराला याच्या घराची भिंत लागून. "अंगणात एकच विहीर आहे, वासू," तो एकदा बसमध्ये म्हणाला होता. "रोज सकाळी त्याच्याशी काय बोलू?"

त्या जेवणानंतर हा माणूस बदलला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये लॅशिंगची जुनी वही घेऊन आला, उभ्या-आडव्या रेघा मारलेली. जिथे साखळ्यांचे नंबर लिहायचे, तिथे भुतांची नावं.

"पाच दगड काढून टाकले," म्हणाला. "कासव ठेवलंय."

"ते तर सगळ्यात मठ्ठ! आधी तेच काढ."

"त्याला काढायचं नाही." मी मोबाइलवर बघितलं. गेममध्ये भुताला आपलं नाव देता येतं. कासवाच्या डोक्यावर लिहिलं होतं, वासिफ.

मग जे सुरू झालं ते मी रोज पाऊण तास जाताना आणि पाऊण तास येताना बघितलं, आणि देवाशप्पथ सांगतो, असं डोकं मी आयुष्यात बघितलं नाही. त्याने भुतांची ताकद बघितलीच नाही. कोण कशाने मरतं, एवढंच बघितलं. कासव पाण्याने मरतं. म्हणून एक बेडूक शोधला, ज्याच्या अंगावर पाणी पडलं की उलट तब्येत सुधारते. बेडूक विजेने मरतो. पण दगडाच्या कासवाला वीज लागतच नाही! "बघ," नूरुद्दीन म्हणाला, "याचा काळ तो त्याचा घास, आणि त्याचा काळ याच्या खिजगणतीत नाही." विष मात्र दोघांनाही चढायचं, म्हणून मुंगूस आणलं. मुंगसाला आग सोसत नाही. आगीपुढे परत बेडूक. मग एक ससाणा, चपळ, पहिला वार करायला, आणि यातल्या कुणालाच जे सोसत नव्हतं, ते झेलायला एक विंचू. असे कासवाभोवती पाचजण जमायला हवे होते, आणि पाचवी जागा तो महिनाभर रिकामी ठेवून बसला.

शेवटी तिथे त्याने गोगलगाय घातली. ती वारच करत नाही, नुसती बाकीच्यांच्या जखमा भरते.

"हा तर बसून पगार खाणारा!" मी वैतागलो.

"जुलैमध्ये गँगला पाणी पाजणारा माणूस काय बसून खातो?" तो म्हणाला. मी हात टेकले.

आणि खेळायला लागला की काय सांगू! रुखसार त्याच्याकडून हरायला लागली. समोरच्याने पाणी सोडलं की कासव मागे, बेडूक पुढे. वीज सोडली की बेडूक मागे, कासव पुढे. एकेकाचा मार दुसरा झेलायचा आणि त्याला ओरखडा उठायचा नाही. मागची केरळची पोरं आता सीटवर गुडघे टेकून आमच्या डोक्यावरून बघायची आणि "यल्ला, चाचा, यल्ला!" ओरडायची, म्हणजे अरबीत 'चल, चल'. मी रोज खिडकीबाहेर बघत आलेला माणूस. दोन महिने मी बाहेर बघितलं नाही आणि मला बस लागली नाही.

जायच्या आदल्या शनिवारी शारजातल्या एका मॉलमध्ये या गेमची स्पर्धा होती. नाव नोंदवायला पन्नास दिरहॅम, म्हणजे बाराशे रुपये. "भुतांसाठी बाराशे!" असं मीच म्हणालो आणि मीच त्याच्याबरोबर गेलो. सगळी पोरंसोरं, आणि मधे हा पांढऱ्या दाढीचा, इस्त्रीच्या शर्टातला. नोंदणीवाल्याला वाटलं, मुलाला सोडायला आलाय.

दोन फेऱ्या तो सहज जिंकला. तिसऱ्या फेरीत समोर मिहिका आली, अबू धाबीच्या खलिफा सिटीतली, अकरावीतली, मागच्या वर्षीची विजेती. मराठी घरातलीच, आई मागे डबा घेऊन उभी. काय पोरगी होती! बोटं अशी चालत होती, की मला स्क्रीनवर दिसायच्या आत तिचं ठरलेलं असायचं. तिने मुंगूस मारलं, ससाणा मारला. याने तिची चार पाडली. तिने गोगलगाय टिपली, विंचू टिपला. याने पाचवं पाडलं. शेवटी नूरुद्दीनकडे उरले कासव आणि बेडूक, दोघेही अर्धमेले. तिच्याकडे एकच, सापासारखा लांबलचक मासा, वाम. ती वाम पाणीही मारते आणि वीजही, आणि नेहमी कासवाच्या आधी मारते.

कासव मैदानात होतं. तिने पाणी मारलं तर कासव गेलं. ते वाचवायला बेडूक पुढे केला आणि तिने वीज मारली, तर बेडूक गेला, आणि पुढच्या फेरीला कासवही.

"ही विल स्विच," रुखसार माझ्या कानात म्हणाली. तिची नखं माझ्या दंडात रुतली होती. "अंकल, ही ऑलवेज स्विचेस. अँड शी नोज इट."

खरंच होतं. अख्खा खेळ त्याने एकदाही कासवाला पाण्यापुढे उभं ठेवलं नव्हतं. नूरुद्दीन मोबाइलकडे बघत नव्हता, त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होता, जसा बांधलेल्या मालाकडे बघायचा तसा. मग त्याने बोट टेकवलं.

दोघांचे बेत उघडले. मिहिकाने वीज मारली होती. आणि मैदानात कासवच उभं होतं! वीज त्याच्या पाठीवर आपटली आणि विझली. कासवाने मान बाहेर काढून एकच धक्का दिला. वाम आडवी.

मी ओरडलो. साठीचा मी, मॉलमध्ये, "शाब्बास रे नूर्‍या!" म्हणून ओरडलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते का ते विचारू नका.

"अंकल, हाउ डिड यू नो?" मिहिकाने विचारलं. ती रडकुंडीला आली होती, पण तिचे डोळे चमकत होते.

"तू हुशार आहेस, बेटा," नूरुद्दीन म्हणाला. "अर्धा तास तू बघितलंस, म्हातारा कासवाला वाचवतो. तुला ते कळलंय हे मला कळलं. म्हणून या वेळी त्याला विश्वासाने उभं राहू दिलं."

पुढची फेरी दहा मिनिटांनी होती. नूरुद्दीन उठला आणि बाहेर एस्कलेटरपाशी गेला. मला वाटलं, पाणी प्यायला. मागे गेलो तर तो फोनवर कुणाचा तरी नंबर लावत होता, स्पीकर चालू, कारण त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"वासिफ, मी मामू. ठेवू नको. एकच सांगायचंय." त्याचा आवाज फाटला. "तुमच्यात काही वाईट नव्हतं रे. सहाही सोन्यासारखे होतात. मी सगळे एकाच घरातले उचलले, एक लग्न निघालं आणि सगळे एकदम पडले. निवड माझी होती. सुट्टी मी दिली होती. आणि साहेबाने विचारलं तेव्हा मी खाली बघितलं. चूक माझी होती, वासिफ. नऊ वर्षं माझीच होती."

पलीकडे काही नाही. फोन चालू होता, सेकंद पळताना दिसत होते. एस्कलेटरवरून माणसं वर येत होती आणि आमच्याकडे बघून जात होती. मी पुढे वाकलो आणि म्हटलं, "वासिफ, मी स्टोअरवाला वासुदेव. तो 'जा' म्हणाला ते मी ऐकलं होतं. मीही बोललो नाही, बाबा."

आत माइकवरून नूरुद्दीनचं नाव पुकारलं, एकदा, मग दुसऱ्यांदा. तो हलला नाही. ती फेरी त्याची तिथेच गेली.

मग पलीकडे वासिफने नाक ओढलं.

"मामू," तो म्हणाला, "सामान किती आहे? रिक्षा पुरेल, की टेम्पो घेऊन येऊ?"